कुंपणावरची पेल्यांची जोडी

ऑस्ट्रेलियातल्या स्कोफिल्ड्स या उपनगरातली घरं अशी खेटून, की एकाने फोडणी दिली तर ठसका दुसऱ्याला लागावा. त्यातल्या एका गॅरेजात मयूरा चांदी ठोकत बसायची, आणि लॉकडाऊनमुळे घरी अडकलेली गल्ली ते निमूट ऐकायची.

मयूरा पुण्याच्या तांबट आळीतली. बापाच्या हातोडीच्या ठोक्यावर पाळण्यात झोपलेली पोर, पण त्या घरात मुलींच्या हाती हातोडी कुणी देत नसे. "तुला लाटणं पुरे," बाप म्हणायचा. ती शिकायला ऑस्ट्रेलियात आली, नोकरी धरली, लग्न केलं आणि ब्लॅकटाउनला एलेनाबाईंकडे चांदीकाम शिकू लागली. बापाला मात्र पत्ता लागू दिला नाही.

एलेनाबाई बोलिव्हियाच्या. त्यांच्या मुलखात स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून देवकार्याला चांदीचे पेले लागत. मग स्पॅनिश आले, राज्य त्यांचं झालं. पेले काही हटले नाहीत. स्पॅनिशांची द्राक्षवेल अंगावर लेवून तसेच राहिले. आता तसेच पेले, पण आपल्या हातचे, मयूराने प्रदर्शनासाठी करायचे होते. अट एकच, जोडी हवी. एक प्यायला देणाऱ्याचा, एक समोरच्याचा, दोन्ही तंतोतंत सारखे, म्हणजे कुणी थोर नाही न् कुणी धाकटा नाही. एकटा पेला बाई प्रदर्शनात ठेवणारच नव्हत्या.

पहिला झाला. खाली जुन्या काळची पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, वर वेल, आणि बुडाशी मयूराने माहेरचा मठार घातला, ओळीने बसलेले हातोडीचे चमचमते ठोके. दुसरा अर्ध्यावर आला आणि घर भाड्याने देणाऱ्या एजंटची ईमेल आली. आवाजाची तक्रार आहे. पुन्हा आली तर ठोकाठोक कायमची बंद.

तक्रार कुणाची, हे काय सांगायला हवं? कुंपणापलीकडचा नरेंद्र, कॉम्प्युटरवाला, दिवसभर मीटिंगा. मयूरा मास्क लावून, तयार पेला घेऊन कुंपणाशी गेली.

"तक्रार तुझी ना रे?"

"वहिनी, बॉस विचारतो, तुझ्याकडे घर पाडतायत का? काय सांगू त्याला?"

"सांग, बांधतायत."

तो हसला नाही. "एक झालाय ना? मग दुसरा कशाला? एकाचाच फोटो दोनदा लावा."

"तुझ्या लग्नात बायको उभी केली होतीस, की तुझाच फोटो दोनदा लावलास?"

आता मात्र तो फिस्सकन हसला. मयूराने पेला कुंपणावर ठेवला आणि मागे सरली. नरेंद्रने हाताला सॅनिटायझर चोळून तो उचलला, बुडावरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिला.

"आमच्या आजीच्या बंबाला असंच होतं."

"असेल. आमच्याच आळीतला असेल तो."

"लंच ब्रेकला ठोका," तो म्हणाला, "आणि पाचनंतर. एजंटला मी कळवतो. नो वरीज."

पहिला पेला मनासारखा झाला होता, दुसरा त्या पहिल्यासारखा करायचा होता. खरं दुखणं तेच. ठोकून ठोकून चांदी हट्टाला पेटायची, मग तिला धगीवर लाल करायची, पाण्यात विझवायची, नरमली की पुन्हा हातोडी. लंचला पलीकडून हाक यायची, "वहिनी, आज ओळ घसरली वाटतं!"

"तू तुझा कोड बघ!"

जोडी झाली. व्हिडिओवर एलेनाबाईंनी विचारलं, "आधीचा कुठला?" मयूराने एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. तिलाच कळेना. बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, "आता एकदा यातून समोरासमोर प्या. त्याशिवाय ती नुसती भांडी."

मयूराचा नवरा अनिश लगेच पुढे सरसावला. "घरातला नको," बाई म्हणाल्या, "पलीकडचा हवा."

म्हणून कुंपणाच्या अलीकडे मयूरा, पलीकडे नरेंद्र, पेल्यांत ताक. नरेंद्रने सवयीने पेला ओठांना न लावता वरून ओतला आणि निम्मं ताक शर्टाला पाजलं.

मयूराने धीर करून फोटो बापाला पाठवला. फोन आला. "मठार कुणी घातला?"

"मी."

पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. मग, "ओळ सरळ आहे." आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो आळीतल्या प्रत्येक दुकानात पोचला होता.

लॉकडाऊन उठल्यावर प्रदर्शन भरलं. काचेच्या पेटीशी नरेंद्र पहारेकऱ्यासारखा उभा, येईल त्याला सांगत होता, "उजवीकडचा माझा."

धुताना-पुसताना पेले किती वेळा इकडचे तिकडे झाले होते, मयूराला ठाऊक होतं. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पाहुण्यांना म्हणाली, "हो, तो त्याचाच."