विचारलं तेवढंच

वकीलबाईंच्या ऑफिसात कागद जुळवणं, तारखा सांभाळणं, झेरॉक्स काढून आणणं हे सगळं तीच करायची. पण कोर्टाच्या आवारात तिचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. साक्षीदार पढवावेत ते तिनंच. ‘पढवणं’ हा शब्द वकीलबाईंना खपत नसे, त्या ‘तयारी’ म्हणायच्या. बाकी सगळे तिला सरळ मास्तरीणबाई म्हणत. अंगानं एवढीशी, पण निवृत्त फौजदारसुद्धा तिच्यासमोर हाताची घडी घालून बसलेला लोकांनी पाहिला होता.

“विचारलं तेवढंच सांगायचं,” हा तिचा पहिला धडा. “चहा पिता का म्हणाले, तर ‘पितो’. साखर किती, ते आपल्या घरी.”

माणसं हसायची, माना डोलवायची, आणि पहिल्याच प्रश्नाला मेहुण्याच्या लग्नापासून सुरुवात करायची. मग ती पेनाचं टोपण टेबलावर ठकठक वाजवायची. चार-पाच बैठकांत भल्याभल्यांच्या तोंडाला लगाम बसे.

आणि मग तिचा धाकटा भाऊ कारखान्यात मशीनमध्ये सापडून गेला.

चूक त्याचीच, तो गाफील होता, असं म्हणून मालक हात झटकून मोकळा झाला. वकीलबाईंनी आपणहून केस घेतली. मशीनचं झाकण कधीचं निघालं होतं, हे सोबतच्या कामगारानं शपथेवर सांगितलं. राहिली आईची साक्ष. भावाच्या बायकोचं आणि तान्ह्या मुलीचं पुढचं सगळं या निकालावर होतं. पण बहिणीला खरं सलत होतं ते ‘गाफील’. गेलेल्या माणसाला असा बोल लावून मोकळं व्हायचं म्हणजे काय!

आईला पढवणं हे दिव्यच होतं. मीठ संपलं एवढं सांगायला आई अख्खी गल्ली फिरवून आणायची. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लेक प्रश्न विचारायची, आई भाजी निवडता निवडता उत्तरं द्यायची.

“मुलगा त्या दिवशी कामाला किती वाजता निघाला?”

“नेहमीच्याच वेळेला.” आईचा हात थांबला. “उठत नव्हता गं. अंग तापलं होतं त्याचं. मीच पांघरूण ओढलं. म्हटलं, एवढ्याशा तापानं कुणी घरी बसतं का? मीच पाठवलं त्याला.”

दुसरी कुठलीही लेक असती तर तिनं आईला जवळ घेतलं असतं. हिच्या डोळ्यांसमोर आधी कोर्ट उभं राहिलं. ताप होता म्हणजे गुंगी होती, गुंगी होती म्हणजे गाफील; समोरचा वकील हेच धरून बसणार. ती टोपण वाजवत म्हणाली, “आई, हे बोलायचं नाही. कुठ्ठं म्हणजे कुठ्ठं नाही. तब्येतीचं विचारलंच, तर ‘ठणठणीत होती’ म्हणायचं. म्हण बघू.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली. लेकीनं परत म्हणायला लावलं, आणि परत. वकीलबाईंच्या कानावर तिनं यातलं काही घातलं नाही. त्यांनी हे चालू दिलं नसतं.

साक्षीच्या दिवशी आई पिंजऱ्यात ताठ उभी राहिली. समोरच्या वकिलानं तब्येतीचं विचारलंच.

“ठणठणीत होती,” आई म्हणाली.

शेवटी न्यायाधीशांनी मायेनं विचारलं, “आजी, आणखी काही सांगायचंय?”

आईचे ओठ हलले. तिनं मागच्या बाकाकडे, लेकीकडे पाहिलं. लेकीनं नकळत ‘नाही’ अशी मान हलवली.

“नाही साहेब.”

केस जिंकली. ‘गाफील’ पुसलं गेलं. वकीलबाईंनी तिची पाठ थोपटली, आवारात मास्तरीणबाईंचा भाव आणखी वधारला.

घरी मात्र आईचं बोलणं आटलं. जेवलीस का? जेवले. झोप लागली? लागली. शेजारीण तासभर बसून जायची आणि म्हणायची, “तुझ्या आईला झालंय तरी काय?” काय झालंय ते लेकीला पक्कं ठाऊक होतं. आईला त्या दिवशी कुणीतरी ‘तुझी चूक नाही गं’ एवढंच म्हणायला हवं होतं, आणि आपण टोपण वाजवत बसलो. स्वतःच्या कसबाची तिला शिसारी आली.

एका दुपारी ती आईपाशी खाली बसली. हात हातात घेतला.

“आई, त्या दिवशी त्याला ताप होता ना? तू कामाला पाठवलंस, त्यात तुझी काही चूक नव्हती. बोल ना माझ्याशी.”

आईनं हात सोडवून घेतला. पदर सारखा केला, ताठ बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “नाही. त्याची तब्येत ठणठणीत होती.”

“आई, हे कोर्ट नाहीये गं. मी विचारतेय. आणखी काही सांगायचंय का तुला?”

“नाही साहेब,” आई म्हणाली.