तोंडावर बोट

"मुकी आहे का ही?"

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं. वर्ग हसला. मी उभी होते. तोंडावर बोट.

त्यांनी फक्त माझं नाव विचारलं होतं. पण बाईंचा नियम होता. शनिवारी गोष्टींचा तास. पुढच्या बाकांवरची मुलं गोष्टी सांगत, एकमेकांना प्रश्न विचारत. आम्ही बौद्ध वस्तीतली पोरं मागे. हाताची घडी, तोंडावर बोट. बाई सांगतील तेव्हाच काढायचं, नाहीतर पट्टी. त्या दिवशी बाईंनी सांगितलंच नाही.

उलट साहेबांना म्हणाल्या, "यांच्या घरी बोलण्याची रीतच नसते. नुसता आरडाओरडा."

आमच्या घरी! माझा बाप गिरणीतून येताना सभेची पत्रकं आणायचा. मला मोठ्याने वाचायला लावायचा. मग विचारायचा, "तुले काय वाटते वं?" माझं बोलून होईपर्यंत हातातली बिडी पेटवायचा नाही.

संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. त्याने न पेटवलेली बिडी खाली ठेवली.

"बोट कोणाचं हाय?"

"माहं."

"मंग?"

पुढच्या शनिवारी मी बोट काढलं. उभी राहिले.

"बाई, मले गोष्ट सांगाची हाय."

"बोट!"

"नाही."

पट्टी बसली. वर्गाबाहेर काढलं. मी व्हरांड्यातल्या खिडकीशी गेले आणि तिथून गोष्ट सांगितली. मोठ्याने. मागच्या बाकांचीच गोष्ट. आत एक बोट खाली आलं. मग आणखी एक.

आज मी वस्तीतल्या विहारात पोरांना बोलायला शिकवते. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. त्याचं पुरतं ऐकायचं, मग विचारायचं. पटलं नाही तर नाही म्हणायचं. एखादी पोर अडखळली तर मी थांबते, बाप थांबायचा तशी. पण ही समाजसेवा आहे असं कोणी समजू नये. मी धार लावते आहे.

आमच्या वार्षिक कार्यक्रमाला त्याच बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं आहे. लगेच हो म्हणाल्या. मला ओळखलं नाही. त्यांना हार घालू. पुढच्या खुर्चीवर बसवू. मग एक पोर उठेल, डोळ्यांत बघेल.

"बाई, आमच्या ताईच्या तोंडावर बोट काहून ठेवलं होतं?"

कोणी ओरडणार नाही. कोणी हसणार नाही. बाई गप्प राहिल्या तर दुसरं पोर उठेल आणि तेच विचारेल. मग तिसरं. माफी मागायला लागल्या तर मधेच थांबवायचं, हेही मी पोरांना बजावलं आहे.

माफी नको. उत्तर.