सगळं डेस्कटॉपवर आहे

आमच्या ह्यांना लोक डॉक्टर म्हणायचे. खरा डॉक्टर आला तर त्याला दारात बूट काढेपर्यंत उभं ठेवतील, पण ह्यांचा हात धरून आत नेत. कारण ज्या घरात हे जायचे त्या घरातला कॉम्प्युटर मान टाकून बसलेला असायचा आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं. हे जाऊन आता चार वर्षं झाली. परवा कपाट आवरताना त्यांची काळी रेक्झिनची पिशवी हाती लागली आणि माझं आवरणं तिथेच राहिलं.

मुळात हे टाइपरायटर दुरुस्त करणारे. एका मोठ्या कचेरीत बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. एके दिवशी सगळे टाइपरायटर जिन्याखाली रचले गेले आणि साहेबांनी विचारलं, कॉम्प्युटर जमेल का. हे जमेल म्हणून आले आणि घरी येऊन मला म्हणाले, "अगं, मी अजून त्याचं झाकणसुद्धा उघडून बघितलेलं नाही." शेहेचाळिसाव्या वर्षी हे मुलांच्या वयाच्या मुलांशेजारी बाकावर बसून शिकले. कचेरी सुटल्यावर घरोघर जाऊन दुरुस्ती करायला लागले, आणि निवृत्त झाल्यावर तर काय, सकाळ-संध्याकाळ तेच.

पिशवीत काय असायचं म्हणाल तर चार-पाच स्क्रू-ड्रायव्हर, एक बॅटरी, दाढीचा जुना ब्रश आणि शाळेतल्या पोरांचं असतं तसलं खोडरबर. ते खोडरबर बघून लोक हसायचे. कॉम्प्युटर चालू केला की नुसता ओरडतो, पडद्यावर काहीच येत नाही, अशी तक्रार आली की हे आतली मेमरीची पट्टी काढायचे, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हळूच घासायचे आणि परत बसवायचे. दहातले सात तेवढ्यावर उठून बसायचे. हसणाऱ्याचं तोंड मग बघण्यासारखं व्हायचं.

कीबोर्ड अडकतो म्हटलं की हे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो उपडा करायचे आणि पाठीवर थोपटायचे. त्यातून जे पडायचं त्यावरून त्या घराची कुंडली सांगता आली असती. बिस्किटाचा चुरा, कापलेली नखं, पेन्सिलीची टोकं, एकदा तर एक बाई वर्षभर शोधत होत्या ती कानातली. लॅपटॉप तापतो म्हणून एका वकिलांनी बोलावलं, तर महाशय तो गादीवर ठेवून काम करत होते आणि गादीचा अर्धा कापूस त्याच्या पंख्यात होता. त्याच वकिलांच्या जुन्या कॉम्प्युटरची तारीख रोज सकाळी वीस वर्षं मागे जायची. आतला नाण्याएवढा सेल संपलेला. हे बदलायला गेले तर वकील म्हणाले, "राहू द्या हो, रोज सकाळी थोडा वेळ तरी तरुण वाटतं." आणि एका घरी तर मागचं बटणच बंद होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरातले चौघेजण तासभर माऊस हलवत बसले होते.

पण हे कधी कुणाला म्हणाले नाहीत की तुमचं चुकलं. कुणी चहा सांडलेला असो, कुणाच्या नातवाने डिस्कच्या फटीत नाणी घातलेली असोत, कुणी नको तिथे क्लिक करून व्हायरस घरात घेतलेला असो, ह्यांचं निदान एकच. "धूळ हो. दुसरं काय." चहाचा वास येत असतानासुद्धा धूळ! मला राग यायचा. मी म्हणायची, "अहो, एकदा तोंडावर सांगा, म्हणजे पुन्हा करणार नाहीत." हे म्हणायचे, "माणूस आधीच ओशाळलेला असतो. त्यात मी कशाला भर घालू?" असल्या स्वभावाच्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी आपली भांडी आपटायची.

आता सिस्टरांविषयी सांगते. पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहायच्या, सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. एकट्या. प्रसूतिगृहात एकतीस वर्षं काढलेली बाई. प्रत्येक बाळंतपणाची दोन-चार ओळींची टिपणं त्यांनी वह्यांत ठेवली होती, आणि निवृत्तीनंतर एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्याचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. तीन वर्षं लिहीत होत्या. वह्यांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी शांतपणे जाळून टाकल्या, कारण आता सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं. पुस्तकात त्यांचा जीव होता. माझ्यामागे राहील असं एवढंच आहे, असं त्या उघड म्हणायच्या.

तर त्यांचा कॉम्प्युटर बसला. सुरू व्हायचा आणि निळा पडदा दाखवून गपगार. हे गेले, तपासलं, आणि म्हणाले, आतलं सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल, म्हणजे फॉरमॅट मारावा लागेल. डिस्कचे दोन भाग असतात, सी आणि डी. पुसायचा तो सी. म्हणून ह्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "सिस्टर, सी ड्राइव्हमध्ये काही ठेवलंय का?"

"छे हो," सिस्टर म्हणाल्या, "सीमध्ये मी जातच नाही. माझं सगळं डेस्कटॉपवर आहे. समोर दिसतं तिथे."

आता ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे की डेस्कटॉप हा सीमध्येच असतो. समोर दिसतो म्हणून तो टेबलावर ठेवल्यासारखा वाटतो, इतकंच. हे वाक्य ह्यांनी आयुष्यात शंभर वेळा ऐकलं होतं. म्हणूनच त्यांची शिस्त होती, कुणी काही सांगो, डिस्क काढून आपल्या पिशवीतल्या वायरीने घरच्या मशीनला लावायची, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, सगळं उतरवून घ्यायचं आणि मगच पुसायचं. त्याला अर्धा दिवस जायचा.

त्या दिवशी अर्धा दिवस नव्हता. माझा भाऊ सहकुटुंब जेवायला यायचा होता आणि मला घरात माणूस हवा होता. मी ह्यांना तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी माझा पारा चढला आणि मी म्हटलं, "अहो, एक फॉरमॅट मारायला किती वेळ लागतो? मारा आणि या!"

हे वेळेवर आले. भावाबरोबर पोटभर हसले, जेवले. आणि चारच्या सुमाराला सिस्टरांचा फोन आला. कॉम्प्युटर छान चालतोय, पण पडद्यावरचं माझं पुस्तक कुठे गेलं?

हे ताडकन उठले. फोनवर एवढंच म्हणाले, "मशीन बंद करा. काही करू नका, मी येतोय." तासाभराने परतले तेव्हा डिस्क रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरली होती. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"माझी चूक झाली म्हणून सांगितलं."

"धूळ नाही म्हणालात?"

"नाही."

"पण त्याच म्हणाल्या ना, सीमध्ये काही नाही म्हणून?"

"त्यांना काय माहीत डेस्कटॉप कुठे असतो? मला माहीत होतं." माझ्या फोनाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ते बोलले नाहीत, आणि मला भांडायलाही जागा उरली नाही.

पुसलेलंसुद्धा लगेच जात नाही म्हणे, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते आत पडून असतं. ह्यांनी आमच्या मशीनवर शोधायचा प्रोग्राम लावला आणि अकरा दिवस ते मशीन बंद झालं नाही. वीज जाईल म्हणून मी मिक्सर लावला नाही, इस्त्री केली नाही. बाराव्या दिवशी जे हाती आलं त्याला ना नाव होतं ना क्रम. नुसते आकडे, आणि उघडलं तर अक्षरांच्या जागी चिन्हांची किडामुंगी. सिस्टर वापरायच्या तो जुना फाँट ह्यांनी कुठून तरी मिळवून घातला तेव्हा कुठे मराठी दिसायला लागलं. पुस्तकाचा निम्मा भाग होता. कुठे पानाचं डोकं होतं, कुठे नुसते पाय. नवं बसवताना जे त्यावर लिहिलं गेलं होतं ते मात्र कायमचं गेलं.

मग सिस्टर रोज दुपारी तीन वाजता आमच्याकडे यायला लागल्या. जेवणाच्या टेबलावर मशीन, समोर दोन खुर्च्या. हे एक तुकडा वाचून दाखवायचे, सिस्टर डोळे मिटून आठवायच्या, आणि त्या सांगतील तसं हे टाइप करायचे. टाइपरायटरवाल्याची दहा बोटं! त्या आवाजाने मला आमच्या लग्नानंतरची पहिली वर्षं आठवायची, हे कचेरीतलं मशीन घरी आणून तपासायचे ती. सिस्टर चक्रावून म्हणायच्या, "अहो, मी आठवायच्या आत तुमचं लिहून होतं." पाच वाजता हे लिहिलेलं तीन ठिकाणी उतरवून ठेवायचे. दीड वर्ष असं चाललं होतं.

आणि मी? मी स्वयंपाकघरात. चहा करायची, टेबलावर ठेवायची आणि उलट्या पावली आत. कधी डाळ निवडत बसायची, कधी नुसती. सिस्टरांच्या समोर बसायचा मला धीर होत नव्हता. माझ्या जिभेने त्या बाईची तीन वर्षं पुसली होती आणि ते ओझं हे एकटे वाहत होते. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज पाच वाजायचे.

एके दिवशी हे म्हणाले, "सिस्टर, इथे एक पान अख्खं गेलंय. आधीच्या पानावर शेवटची ओळ आहे, ‘त्या दुपारी माझी ड्यूटी होती’, आणि पुढे कोरं."

सिस्टरांनी मिटलेले डोळे उघडले. मग म्हणाल्या, "ते गेलं ते बरंच झालं. राहू द्या कोरं."

ह्यांनी बरं म्हटलं आणि पुढचा तुकडा काढला. त्यांचा स्वभावच तो. पण सिस्टरच म्हणाल्या, "थांबा. तुम्ही त्या दिवशी माझ्या दारात उभं राहून म्हणालात ना, माझी चूक झाली? मला एकतीस वर्षांत ते म्हणता आलं नाही, त्या पानावरसुद्धा नाही. लिहा."

मी गॅस बंद केला. सिस्टर सांगत होत्या. एक पहिलटकरीण दुपारपासून सांगत होती की काहीतरी वेगळंच दुखतंय. सिस्टर तिला म्हणाल्या, पहिल्या वेळी सगळ्याच ओरडतात, आणि डॉक्टरांना बोलवायला तासभर उशीर केला. बाळ गेलं. बाहेर येऊन त्यांनी घरच्यांना सांगितलं, यात कुणाची चूक नाही. त्या मुलीने त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले होते. "ते आभार लिहा," सिस्टर म्हणाल्या, "तेच मला खातात." ह्यांची बोटं त्या दिवशी प्रथमच सावकाश चालत होती.

पाच वाजता हे पाणी प्यायला आत आले आणि मी बाहेर गेले. सिस्टर दारात चप्पल घालत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, त्या दिवशी ह्यांना घाई मी केली होती. फोन करून करून मीच..."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "त्यांचे दोन्ही हात मशीनमध्ये होते. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. तुमचा आवाज शेजारीसुद्धा गेला असेल."

मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वयंपाकघरातून कधी बाहेर येताय त्याची." आणि माझ्या दंडावर हात ठेवून जिना उतरून गेल्या. मी तिथेच रडले, चांगली मोठ्याने रडले. हे पेला घेऊन मागे उभे होते, पण काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी टेबलाशी तिसरी खुर्ची ओढली.