थोरल्या जावयाची नजर

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, खिडकी नसलेल्या खोलीत बसून लोकांच्या पोटांचे स्कॅन वाचणं हा त्यांचा धंदा. इतक्या वर्षांत एकाही पेशंटनं त्यांना तोंडावर ‘बरं वाटलं हो डॉक्टर’ म्हटलं नव्हतं. पुष्पगुच्छ सगळे वरच्या मजल्यावर, सर्जनकडे जायचे. आणि सर्जन कोण, तर त्यांचाच साडू! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दैवानं सूड उगवायचा तो किती जवळून उगवावा?

थोरले जावई हे, पण सासरी खुर्ची पुढे सरकायची ती धाकट्यासाठी. परवा जेवताना सासऱ्यांनी पुन्हा त्याच्या हातांचं कौतुक काढलं. तेव्हा साडू हसत म्हणाला, “आमचे साडूबुवा नुसते फोटो बघतात. पोटात हात घालायला छाती लागते.” सगळे हसले, बायकोसुद्धा हसली. यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोटो म्हणे! पुस्तकातल्या चित्राबरहुकूम पोट घेऊन सगळी माणसं जन्माला येत नाहीत. कुणाच्या मूत्रपिंडाला दोन धमन्या असतात, तर कुणाची एखादी भलतीकडूनच निघालेली असते. ही वाकडी वाट ते एका दृष्टिक्षेपात ओळखत. आजवर एकही त्यांच्या नजरेतून निसटली नव्हती. तेवढाच एक तोरा त्यांना परवडणारा होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघं स्क्रीनपुढे बसत. साडू विचारी, हे सांगत, आणि लेखी रिपोर्ट मागाहून सावकाश निघे. त्या दिवशीचा पेशंट होता एक शिंपी, स्वादुपिंडात गाठ झालेला. त्याच्या यकृताची उजवी धमनी नेहमीच्या जागी नव्हतीच. ती खालच्या मोठ्या धमनीतून फुटून स्वादुपिंडाच्या मागून वर चढत होती. नकळत कापली गेली, तर अर्ध्या यकृताचा रक्तपुरवठा जायचा आणि माणूस हातचा जायचा.

“गाठ निघेल ना?” साडूनं विचारलं.

“निघेल.”

“मोठ्या शिरेला चिकटलीय का?”

“नाही.”

“झालं तर मग,” म्हणून तो उठलासुद्धा. यांनी धमनीबद्दल चकार शब्द काढला नाही. घालू दे की हात, छाती आहे ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशन सुरू झाल्यावर, शिंप्याची बायको त्यांच्या दाराशी आली. “साहेब, यांचा फोटो तुम्हीच पाहिलात ना? सगळं ठीक आहे ना हो?”

“ठीक आहे,” ते म्हणाले. ती निघून गेली, पण आपलेच ते दोन शब्द त्यांना टोचले. साडूचं नाक कापायला निघालो, आणि मान या बिचारीच्या माणसाची? ते जिना चढत धावले. टोपी, मास्क कसाबसा चढवून ऑपरेशन थिएटरात शिरले.

“थांब! उजवी धमनी मागून येतेय, पित्तनळीच्या पाठीमागून. कापू नकोस!”

साडूचा कात्रीचा हात जागीच थबकला. दुसऱ्या हाताचं बोट त्यानं अलगद मागे सरकवलं.

“आहे,” तो म्हणाला. “ठोका लागतोय. वाचलो.” त्यानं धमनीभोवती मऊ पट्टी ओवून ती बाजूला घेतली. मग मान खालीच ठेवून त्यानं विचारलं, “काल दिसली नव्हती का तुम्हाला?”

‘नव्हती’ म्हटलं की सुटले असते. नजरचूक कुणाची होत नाही? पळवाट त्यानं आपण होऊन उघडून दिली होती. पण मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी, आणि उद्या सासऱ्यांनीही म्हणायचं, की फोटोवाल्याला धड फोटोही वाचता येत नाही?

“दिसली होती,” ते ताठ होऊन म्हणाले. “माझ्या नजरेतून काही सुटत नाही.”

साडूनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग नर्सनं पाहिलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरनंही.