आधी पूर्ण बोला

समोरचा माणूस बोलू लागला की ती हातातल्या पेनाला टोपण लावी, पेन टेबलावर आडवे ठेवी आणि म्हणे, "आधी पूर्ण बोला."

वाचकहो, ही कृती आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु मुलुंडला सरकारी कचेरीच्या कुंपणालगत निळ्या ताडपत्रीखाली बसून मी अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे, आणि अनुभवाने सांगतो की, माणूस बोलू लागताच पेन उघडणारे मी पुष्कळ पाहिले. मिटणारी ही एकच पाहिली. माझे स्वतःचे शिक्षण नववीत थांबले. तथापि माझ्या हातचा अर्ज वाचताना साहेबलोक खुर्चीत सावरून बसतात, हे त्या आवारात सर्वांना ठाऊक आहे. काही पक्षकार मला वकीलसाहेब म्हणतात. मी त्यांना विनाकारण दुरुस्त करीत बसत नाही.

ती माझ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यांची मुलगी. वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी माझ्याच सल्ल्याने तेथे एक यंत्र टाकले. मुलगी सीएच्या फायनलला बसत होती. दुपारी वडिलांचा डबा घेऊन यायची आणि यंत्राच्या मागे, कागदांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची. त्या काळी तिचे वाक्य निराळे होते. "येतं मला."

वडील म्हणाले, "अगं, कागद अडकलाय, बाजूचं झाकण आधी..." की ही म्हणे, "येतं मला, बाबा." मी म्हणालो, "पोरी, ही परीक्षा फार कठीण असल्याचे माझ्या ऐकिवात आहे," की उत्तर येई, "येतं मला, काका. सगळं येतं."

आणि ही बढाई नव्हती, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. एकदा मी तिचे जाडजूड पुस्तक मध्येच कुठेतरी उघडले आणि मथळा वाचून दाखवला. तिने डोळे मिटून अख्खे पान म्हणून दाखवले. मला त्यातले काहीही कळत नव्हते. परंतु ती कुठेही अडखळली नाही, एवढे मला निश्चित कळले.

तरीही ती नापास झाली. पहिल्या खेपेस सर्वांनी तिची समजूत घातली. दुसऱ्या खेपेस लोकांनी विषय काढला नाही. तिसऱ्या खेपेस मात्र चहावाल्याने विचारले, "काय सीएबाई, या वेळी तरी?" आणि तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. बिचाऱ्याने पडदा पाहिला आणि न मागता तिला चहा दिला.

त्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "काका, एक तक्रार अर्ज लिहा. कडक. मला सगळं येतं. पेपर तपासणाऱ्यांना वाचता येत नाही."

असे काम माझ्याकडे रोज येत नाही. मी दोन दिवस खपून मसुदा केला. त्यात 'घोर अन्याय' होता, 'होतकरू विद्यार्थिनी' होती, 'सखोल चौकशी' तर दोन ठिकाणी होती. माझ्या आयुष्यातील उत्तम मसुद्यांपैकी तो एक होता, असे माझे आजही मत आहे.

मात्र तिचे वडील त्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, अर्जबिर्ज राहू द्या. बास झालं आता. घाटकोपरला एका ऑफिसात अकाउंट्सची जागा आहे, ते तिला घ्यायला तयार आहेत. पुन्हा परीक्षेला बसायचं नाही असं ठरलंय. तुम्हीच सांगा तिला, तुमचं ऐकेल."

"तिचे काय म्हणणे आहे?"

"काही नाही. हो म्हणाली." ते यंत्राकडे बघत राहिले. "एकदम हो म्हणाली हो. तेच बरं नाही वाटलं."

मुलगी भांडली असती तर त्या गृहस्थांना झोप लागली असती. तिने हो म्हटले, आणि पुस्तके सुतळीने बांधून यंत्रामागे ठेवून दिली. पहिल्या तारखेला नोकरी सुरू व्हायची होती.

त्याच आठवड्यात मला मेव्हण्याच्या कामासाठी ठाण्याला जाणे भाग पडले. मी तिला म्हणालो, "दिवसभर माझ्या टेबलावर बसशील का? पक्षकाराचे म्हणणे नीट..."

"अर्जच ना, काका? येतं मला."

ठाण्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री ताणून बांधत होतो, तेव्हा भांडुपच्या टेकडीवरचे एक आजोबा आले. पूर्वीचे गिरणी कामगार, गाव मालवणकडचे. सोबत त्यांची बायको. ठेंगणी, कपाळभर कुंकू, आणि नजर अशी की कचेरीच्या शिपायानेही वाट सोडावी.

आजोबांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. "काल हय एक चेडू बसला होता. तेना लिवन दिलेला. रेशन हापिसातलो सायब म्हणता, हिच्या मरणाचो दाखलो हाड. आता ता खयसून हाडू? ही तर हय उभी आसा."

आजी पुढे झाल्या. "माका मारल्यान कोणी, ता बघूक इलंय."

मी कागद वाचला. 'माझी पत्नी दिवंगत झाल्याने तिचे नाव शिधापत्रिकेतून कमी करण्यात यावे.' अक्षर सुबक, परिच्छेद नेटके, नियमांचे उल्लेख यथास्थित. अर्ज म्हणून त्यात एकही त्रुटी नव्हती. फक्त बाई जिवंत होती.

मी त्या चेडवाला, म्हणजे झेरॉक्सवाल्यांच्या मुलीला, हाक मारली. ती आली, तिने कागद पाहिला, आजींना पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला.

"आजोबा, तुम्हीच म्हणालात ना, कार्डाचं काम आहे, बायको राहिली नाही?"

"व्हय. आणि मी फुडे बोलत होतंय. तू म्हटलंस, कळला आजोबा, तुमी बसा."

"मग मला वाटलं..."

"काय वाटला? मी मेलंय?" आजी म्हणाल्या. "जित्याजागत्या बायकोक मारून मोकळा झाला मगो ह्या चेडू! आणि अक्षर बघ कसा, मोत्यासारख्या!"

आधी चहावाला हसला, मग तिचे वडील, मग मी, आणि शेवटी तीही खळखळून हसू लागली. हसता हसता तिचे हसणे थांबले आणि ती माझ्या बाकावर मटकन बसली.

"काका," ती म्हणाली, "मी पेपरात हेच करते."

चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"प्रश्न अर्धा वाचला की मला तो ओळखीचा वाटतो. क्लासमध्ये सोडवलेला असतो ना. मग मी तोच सोडवते. सगळा, शेवटपर्यंत, बरोबर. आणि प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत त्यांनी काहीतरी वेगळंच विचारलेलं असतं. मी लिहिते कंपनीची किंमत किती, आणि त्यांनी विचारलेलं असतं की ती विकत घ्यावी का? घरी येऊन पेपर वाचला की मला दिसायचं ते. मी म्हणायचे, घाईत राहिलं. दर वेळी घाईत? काका, मी प्रश्न वाचतच नाही. मला येतं ना, म्हणून वाचत नाही."

आजींना यातले किती कळले, देव जाणे. त्या तिच्याजवळ बाकावर बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "रडा नको गो. मेलंय खय मी?"

तिने डोळे पुसले, पेन घेतले, त्याला टोपण लावले आणि आजोबांकडे वळून म्हणाली, "आजोबा, आधी पूर्ण बोला."

ते वाक्य मी तेव्हा प्रथम ऐकले. आजोबा पूर्ण बोलले. त्यात गावाकडची फणसाची झाडे आली, आजींच्या बहिणीचे आजारपण आले, भावकीतला एक तंटा आला. ती मध्ये एक अक्षर बोलली नाही. सरतेशेवटी कळले ते असे की, आजी बहिणीच्या शुश्रूषेसाठी गावी राहिल्या होत्या, मुंबईत शिधापत्रिकेची पडताळणी झाली तेव्हा त्या हजर नव्हत्या, म्हणून नाव गळाले. ते परत घालून हवे होते. मग तिने टोपण काढले आणि चार ओळींचा अर्ज लिहिला. माझ्या मते त्यात 'विनम्र' हा शब्द एकदा तरी यायला हवा होता. परंतु नाव परत आले, हे मान्य केले पाहिजे.

ते दोघे गेल्यावर ती मला म्हणाली, "काका, तो तक्रार अर्ज फाडून टाका."

"अगं, दोन दिवस खपलो आहे मी त्यावर!"

"फाडा ना, प्लीज. त्यांना वाचता येतं."

मग ती वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, एकदा अजून."

ते कुणाचा तरी दाखला लॅमिनेट करीत होते. त्यांनी तो यंत्रातून पुरता बाहेर येऊ दिला. मग कडा कापत म्हणाले, "आणि घाटकोपरवाल्यांना काय सांगू?"

"मी सांगते."

"याही वेळी राहिलं तर?"

ती 'येतं मला' म्हणेल म्हणून मी कान टवकारले. ती म्हणाली, "राहू शकतं, बाबा."

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि यंत्रामागच्या पुस्तकांची सुतळी सोडायला घेतली. गाठ त्यांनीच घट्ट मारली होती. सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली.

तेव्हापासून ती रोज सकाळी तासभर माझ्या टेबलाशी बसू लागली. पगार नाही, अर्ज लिहिणे नाही. फक्त पक्षकाराचे ऐकायचे आणि त्याला नेमके काय हवे आहे ते मला एका वाक्यात सांगायचे, असा तिचा रियाज. एकदा एक सद्गृहस्थ आले. सोसायटीची गळकी गच्ची, सेक्रेटरीचा मनमानी कारभार, सासूबाईंचे गुडघे, सगळे त्यांनी सविस्तर सांगितले. मी मनात मसुदा बांधत आणला होता. सर्वांत शेवटी ते म्हणाले, "बाकी काही नाही हो, उत्पन्नाच्या दाखल्याची खिडकी कुठली?"

ते गेल्यावर मी संतापून म्हणालो, "हे सुरुवातीला सांगता आले नसते?"

"नसतं, काका," ती म्हणाली. "पेपरातले प्रश्न पण सेम असेच असतात, यार." मग जीभ चावून म्हणाली, "सॉरी. काका."

रेशन घ्यायला टेकडीवरून खाली उतरले की ते आजी-आजोबा आवर्जून आमच्या बाजूने जात. आजी रस्त्यातूनच ओरडत, "गो चेडवा! मी आजून आसंय हां!" ती पुस्तकातून मान वर करून म्हणे, "दिसतंय, आजी! राहा अशाच!" कचेरीतले कारकूनही या देवघेवीची वाट पाहत.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती दुपारी उन्हातून चालत आली. डोळे लाल, ओढणीचे टोक मुठीत. मी लांबूनच ओळखले. अशा प्रसंगी वडीलधाऱ्या माणसाने काय बोलावे, हे मी आधीच योजून ठेवले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पोरी, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण हे केवळ निकालपत्रकातील शेरे आहेत. त्यांवरून मनुष्याचे मूल्यमापन करणे सर्वथा अनुचित होय. तू जे परिश्रम घेतलेस त्यांचा मी स्वतः साक्षीदार आहे, आणि प्रसंगी तसे लेखी देण्यास तयार आहे." अजूनही बरेच बोललो.

तिने माझ्या टेबलावरचे माझे उघडे पेन उचलले, त्याला टोपण लावले, आडवे ठेवले आणि ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं, काका?"

"झाले."

"पास झाले."

शेजारी तिचे वडील यंत्राचे झाकण उघडे ठेवूनच बटण दाबत होते. आत कागद नव्हता. हिरवा उजेड ताडपत्रीवरून पुन्हा पुन्हा सरकत होता आणि त्यांचे तिकडे लक्षच नव्हते.

पुढे ती अंधेरीला एका कंपनीत लागली, आणि तेथून हैदराबादला गेली. अधूनमधून वडिलांना फोन करते, मग फोन माझ्याकडे येतो. "काका, लोकांना बोलू देता ना?" हा एक प्रश्न, आणि "आजी येऊन गेल्या?" हा दुसरा. मी सांगतो, येऊन गेल्या, आणि आज काय ओरडल्या तेही सांगतो.

मागच्या महिन्यात आजोबा एकटेच आले. शिधापत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी. त्यांनी आधी यंत्राच्या मागे पाहिले, जिथे ती बसायची.

"ता चेडू खय?"

"मोठ्या कंपनीत आहे. हैदराबादला."

"बरा झाला," ते म्हणाले. बाकावर बसले. पिशवीची गाठ सोडू लागले, आणि मग तशीच राहू दिली. "तेका सांगा नको हां, सायबानू. पयल्यांदा तेनाच लिवलेला मां ता. उगाच मनाक लावन घेतला."

नाव कमी करण्याच्या अर्जाचा मजकूर मला ठाऊक होता. असे अर्ज मी आयुष्यात किती लिहिले, त्याची गणती नाही. डोळे मिटून लिहीन. हात सवयीने कागदाकडे गेलाही होता. मी तो मागे घेतला, पेनाला टोपण लावले, पेन आडवे ठेवले आणि म्हणालो, "आजोबा, आधी पूर्ण बोला."

त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. मग फणसाच्या झाडांपासून सुरुवात केली.