चष्म्यातली पाल

येडशीत आमच्या शेजारी एक वायरमन राहतो. भर वाऱ्यात तो बेधडक खांबावर चढतो आणि कुठलंही काम सांगा, "लई सोपं हाय" म्हणतो. पण भिंतीवर पाल दिसली की तो घामाघूम होऊन घराबाहेर पळतो. एकदा तापानं फणफणलेल्या लेकीला खाटेवर टाकून पळाला, तेव्हा मात्र त्यानं उपचार घ्यायचं ठरवलं.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी त्याला एक जाडजूड चष्मा पाठवला. तो डोळ्यांवर चढवला की समोर खोटी पाल सरपटते आणि बाई फोनवरून धीर देत राहतात. घरात रेंज नाही, म्हणून तो ओट्यावर बसतो.

परवा गल्लीतल्या तिघांनी, चांगल्या लेकराबाळांच्या माणसांनी, कागदात धरलेली खरी पाल त्याच्या मांडीवर टाकली. तो किंचाळत ओट्यावरून खाली पडला आणि ते तिघं मोबाइलवर त्याचं शूटिंग करत हसत राहिले.

"लाज वाटत न्हाय का रे?" मी ओरडले.

"काकू, फुकटात इलाज केला की!"

माझा हात शिवशिवत होता. फोनवर बाई घाबरून विचारत होत्या, "काय झालं?"

त्यानं कोपराचं रक्त पुसलं आणि चष्मा परत चढवला.

"काय न्हाय मॅडम, माणसं हाईत. तुमी पाल दाखवा."