बावीस वर्षांचं गिर्यारोहण

कळसूबाईच्या शिखराबद्दल मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो. फक्त ते बावीस वर्षं चाललं.

मुलगी बघायला बेलापूरला गेलो होतो. सासऱ्यांनी विचारलं, "छंद काय?" माझा छंद जेवणानंतर आडवं होणं. तो सांगवेना, म्हणून "गिर्यारोहण" म्हणालो. वर "कळसूबाई दोनदा चढलोय" अशी पुस्तीही जोडली. (कॉलेजच्या सहलीत पहिल्या लोखंडी शिडीखाली बसून मी मित्रांच्या पिशव्या राखल्या होत्या. मित्र वर पोचले, तोवर खाली डबे संपले.)

मग गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी नवस बोलला होता, पाय धड चालले तर कळसूबाईची ओटी भरीन. डॉक्टरांनी डोंगर चढायला मनाई केली. सासूबाई म्हणाल्या, "मंग खालूनच भरीन. शिखर दिसल्याबिगर पान्याचा थेंब घेनार न्हाई. जावईबापू दोनदा जाऊन आल्यात, ते लांबून बी वळखतील!"

आमच्या सोनईहून पहाटेच निघालो. पायथ्याच्या बारी गावाच्या अलीकडे गाडी थांबवली आणि पाहतो तर काय, चहूकडे ढग!

"कंचा डोंगर, जावईबापू?"

"थांबा आई, ढग हटू द्या."

दहा वाजले. साडेदहा वाजले. बायको, म्हणजे सुनंदा, कानाशी पुटपुटली, "अहो, आईला चक्कर येईल. अंदाजानं तरी सांगा. तुम्हाला काय, पाठ असेल!"

तेवढ्यात समोर ढग फाटले आणि एक डोंगर दिसला. उंची बरी होती. टोकही होतं.

"तोच!" मी म्हणालो.

सासूबाईंनी ओल्या रस्त्यावर चपला काढल्या. दगडावर खण, नारळ, तांदूळ मांडले. "देऊळ दिसतं का वो?"

"दिसतंय ना, ते टोकाला." (ते झुडूप होतं.)

मग माझ्या फोनवरून बेलापूरला व्हिडिओ कॉल झाला. सुनंदाच्या तिन्ही मामांच्या घरांनी पाळीपाळीनं दर्शन घेतलं. थोरल्या मामांनी तर टोपी काढली! बॅटरी संपली तेव्हाच ते थांबले. एवढ्यात एक जीप थांबली. त्यातल्या सहा बायका उतरून पाया पडल्या. एकीनं विचारलं, "दादा, चढायला किती वेळ लागतो?"

"सवयीवर आहे," मी म्हणालो.

शेजारी कणसं भाजणारी बाई मघापासून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"आजी, त्या डोंगराच्या कशापायी पाया पडता? तिथं आमची गुरं चरत्यात."

"कळसूबाई ना ती?"

"कळसूबाई तुमच्या पाठीमागं हाय की!"

आम्ही सगळे वळलो. जीपवाल्या बायकाही वळल्या. मागचे ढग सरकले होते, आणि खरं शिखर आभाळाला टेकून उभं होतं. सासूबाई अर्धा तास देवीकडे पाठ करून तिचीच ओटी भरत होत्या! आणि मामांनी टोपी काढली होती ती त्या बाईच्या गुरांपुढे.

"आई," मी म्हणालो, "मी पहिल्या शिडीच्या पुढे कधी गेलोच नाही."

"म्हणजे बावीस वर्षं..." सुनंदा म्हणाली आणि वाक्य तसंच सोडून दिलं. ते अर्धं वाक्य मला अजून टोचतं.

सासूबाई मात्र चिडल्या नाहीत. खऱ्या शिखराला हात जोडले, पाणी प्यायल्या, एक कणीस खाल्लं. मग पिशवीतून दुसरा खण-नारळ काढून माझ्या हाती दिला.

"दिलेली ओटी माघारी घेता येत न्हाई. ही दुसरी. माझं गुडघं चढत न्हाईत, तुमचं चढत्यात. जावा."

"आत्ता?"

"का? तुमची तिसरीच तर खेप हाय!"

मी चढलो. देवाशपथ चढलो! पहिल्या शिडीखाली डब्यांची आठवण आली, तिथं बसलो नाही. पुढच्या शिड्यांवर डोळे मिटून देवीला हाका मारल्या. वर पोचून ओटी तिच्या पायाशी ठेवली आणि तिथंच थोडा आडवा झालो. फोटो नाही, फोनचा जीव मामांच्या दर्शनात गेला होता. संध्याकाळी उतरलो तेव्हा माझे दोन्ही गुडघे ऑपरेशनच्या लायकीचे झाले होते.

"आई, ओटी देवीच्या पायाशी ठेवली. खरंच!"

सुनंदानं हातातल्या कणसाच्या दाण्यांकडे बघितलं. सासूबाईंनी मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"व्हय, व्हय. शिडीपाशी ठेवली तरी पोचतीच की देवीला!"